वाद असावा, कलह नसावा

'वाद' हा शब्द आपल्या घरांत सहसा चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही. दोन भावांत वाद झाला, जागेचा वाद कोर्टात गेला, गिऱ्हाइकाशी वाद नको, अशाच वाक्यांतून तो आपल्या कानी येतो. व्यापारी माणसाला वादाचे भय वाटणे स्वाभाविकही आहे, कारण वादात गिऱ्हाईक तुटते, नाते तुटते आणि वेळेचे नुकसान होते ते निराळेच. म्हणून 'मोठ्यांना उलट बोलू नये' हा पहिला धडा आपण मुलांना देतो. तो धडा चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. उलट बोलू नये हे आपण शिकवतो, पण मत वेगळे असेल तर ते कसे मांडावे हे शिकवण्याचे राहून जाते. मग मुलगा पस्तिशीला येतो, दुकानाच्या किंवा जमिनीच्या वाटणीचा प्रश्न उभा राहतो आणि आयुष्यात प्रथमच तो वडिलांसमोर किंवा भावासमोर आपले म्हणणे मांडतो, तेही वकिलाच्या नोटिशीतून.

बँकेच्या नोकरीत अशा अनेक घरांची खाती मी जवळून पाहिली. सेवानिवृत्तीनंतर आपल्या जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून आणि कधी आयोजकांचा मदतनीस म्हणून जाण्याचा योग येत गेला. या दोन अनुभवांची सांगड घालून काही विचार सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

वक्तृत्व निराळे, वादविवाद निराळा

महाराष्ट्राला व्याख्यानाची मोठी परंपरा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालविणाऱ्या संस्थेचे नावच 'वक्तृत्वोत्तेजक सभा' असे आहे. आपल्या जिल्ह्यात शाहीर अनंत फंदी यांच्या संगमनेरात त्यांच्या नावाची व्याख्यानमाला श्रोत्यांना परिचित आहे. 'लोकसत्ता'ने २०१५ पासून 'वक्ता दशसहस्रेषु' ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची राज्यव्यापी वक्तृत्व स्पर्धा घेतली, तेव्हा तिच्या केंद्रांत मुंबई, पुणे, नागपूर अशा महानगरांच्या बरोबरीने आपले नगरही होते. ज्या संस्कृत सुभाषितावरून हे नाव घेतले आहे त्याचा आशय मोठा गमतीचा आहे. शंभरांत एखादा शूर निघतो, हजारांत एखादा पंडित, दहा हजारांत एखादा वक्ता. दाता मात्र निघेल किंवा निघणारही नाही! या शेवटच्या वाक्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

वक्तृत्वाचा मान मोठा आहेच. तथापि वक्तृत्व एकट्याने करता येते. विषय पंधरा दिवस आधी मिळतो, शिक्षक भाषण लिहून देतात, मुलगी ते आरशासमोर घोटून पाठ करते आणि व्यासपीठावर जाऊन म्हणते. आपल्या आधी कोण काय बोलले याच्याशी तिला कर्तव्य नसते. वादविवादाला मात्र दुसरा माणूस लागतो. त्याचे बोलणे नीट ऐकल्यावाचून आपले बोलणे पुरे होत नाही. वक्तृत्वात जीभ तयार होते, वादविवादात जिभेबरोबर कानही तयार होतो. व्यापारात या दोहोंपैकी अधिक कमाई कोण करून देतो, हे पेढीवर बसणाऱ्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडील रीत आणि तिची उणीव

आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेची प्रचलित रीत बहुतेकांना ठाऊक असेल. प्रत्येक महाविद्यालयाचा दोघांचा संघ असतो. त्यातील एक विद्यार्थी विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरुद्ध बाजूने. प्रत्येकाला सहा-सात मिनिटे मिळतात. एक मिनिट उरले की पहिली घंटा होते आणि वेळ संपली की दुसरी. वैयक्तिक बक्षिसे निराळी असतात आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून फिरता करंडक दिला जातो.

ही रीत आयोजकांना सोयीची आहे, कारण वीस संघ आले तरी एका दिवसात चाळीस भाषणे उरकतात. परंतु तीत एक मोठी उणीव राहते. बाजूने बोलणारा आणि विरुद्ध बोलणारा हे एकाच संघाचे असतात, म्हणजे ज्यांनी एकमेकांशी झुंजायचे तेच एकमेकांचे सोबती. सकाळी अकराच्या भाषणातील मुद्द्याला दुपारी तीनचा वक्ता उत्तर देत नाही. देणार तरी कसा, त्या वेळी तो प्रवासात असतो किंवा आपले भाषण घोकत बसलेला असतो. चाळीस भाषणे होतात, पण वाद एकही होत नाही. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत 'खंडन' असा रकाना असतो खरा. मात्र समोर कोणी नसताना खंडन करायचे कोणाचे? विद्यार्थी मग 'माझे विरोधक मित्र म्हणतील की' अशी सुरुवात करून काल्पनिक विरोधकाला सहज चीत करतात.

हाँगकाँगच्या मुलांची पद्धत

या संदर्भात हाँगकाँगमधील शालेय वादविवादाची पद्धत पाहण्यासारखी आहे. ते बंदरही आपल्यासारखेच व्यापारावर जगणारे. १८४२ पासून १९९७ पर्यंत तेथे ब्रिटिशांचा अंमल होता. सरकारी कामकाजाची भाषा दीर्घकाळ एकटी इंग्रजीच होती, चिनी भाषेला तिच्याबरोबरीने अधिकृत दर्जा मिळाला तो १९७४ साली. लोकांच्या घरातील आणि बाजारातील भाषा मात्र कँटोनीज. तेथील शाळांत या कँटोनीज बोलीतून वादविवाद करण्याची परंपरा चांगली रुजली आहे. 'सिंग ताओ' या वृत्तपत्राच्या नावाने होणाऱ्या आंतरशालेय वादविवाद स्पर्धेत इंग्रजी आणि चिनी असे दोन्ही विभाग असतात.

कँटोनीज वादविवादात दोन शाळांचे संघ समोरासमोर बसतात. एक संघ पूर्णपणे बाजूचा, दुसरा पूर्णपणे विरोधाचा. रूढ रचनेत प्रत्येक बाजूला चार वक्ते असतात. मुख्य वक्ता भूमिका मांडतो, पहिला आणि दुसरा उपवक्ता पुरावे देतात व समोरच्याचे मुद्दे खोडतात आणि शेवटचा वक्ता संपूर्ण वादाचा समारोप करतो. समोरच्या संघाने किंवा श्रोत्यांनी प्रश्न विचारण्यासाठी स्पर्धेच्या नियमांप्रमाणे वेळ राखलेली असते. पाठ केलेल्या भाषणावर तेथे फार वेळ निभाव लागत नाही. समारोपाचे भाषण तर घरून लिहून आणताच येत नाही, कारण वाद कोणत्या वळणाने जाईल हे आधी कोणाला ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांना जवळची वाटेल. तेथील विद्यार्थी लिहितात ती प्रमाण चिनी आणि बोलतात ती कँटोनीज, या दोहोंत बरेच अंतर आहे. कागदावरचे टिपण उभ्या उभ्या बोलीत आणावे लागते. आपल्या मुलांची स्थिती याहून वेगळी आहे काय? घरी आजीशी मारवाडी किंवा गुजराती, दुकानात मराठी आणि शाळेत इंग्रजी. माहिती इंग्रजीत वाचायची आणि कापड बाजारातील किंवा दाळ मंडईतील माणसाला पटेल अशा मराठीत ती मांडायची, ही कसरत ज्याला साधली त्याला बाजार समितीत, पतसंस्थेच्या सभेत किंवा तहसील कचेरीत दुभाष्याची गरज लागत नाही. म्हणूनच मुले इंग्रजी माध्यमात शिकत असली तरी वादविवाद मराठीतून करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वादाची चार अंगे

समोरासमोरच्या वादाचे शास्त्र आपल्याला परके मुळीच नाही. बाराव्या शतकात वादिदेवसूरी यांनी 'प्रमाणनयतत्त्वालोक' हा ग्रंथ रचला. त्याचा शेवटचा, आठवा परिच्छेद वादाला वाहिलेला आहे. वादाला चार अंगे असतात असे ते सांगतात: वादी, प्रतिवादी, सभ्य आणि सभापती. वाद आरंभणाऱ्यांचेही ते दोन प्रकार करतात. एक जिंकण्याची इच्छा धरणारा, दुसरा तत्त्वाचा निर्णय व्हावा अशी इच्छा धरणारा. सभ्य म्हणजे आजचे परीक्षक. ते दोन्ही पक्षांना मान्य असावेत, दोन्ही पक्षांचे सिद्धान्त जाणणारे असावेत, त्यांच्या अंगी सहनशीलता आणि तटस्थता असावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. सभापतीचे काम सांगताना तर त्यांनी मर्मावरच बोट ठेवले आहे. जे बोलले गेले ते नीट ध्यानात घेणे आणि कलह होऊ न देणे, हे त्याचे कर्तव्य. म्हणजे वाद आणि कलह हे दोन निराळे पदार्थ आहेत आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर होऊ नये म्हणून एका माणसाची खास नेमणूक करावी लागते, हे नऊशे वर्षांपूर्वी स्पष्टपणे लिहून ठेवलेले आहे.

या सभापतिपदाचे आधुनिक काळातील उदाहरण आपल्या नगरानेच दिले. येथील वकील आणि स्वातंत्र्य चळवळीतील कार्यकर्ते कुंदनमल सोभाचंद फिरोदिया हे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या आधी त्या आसनावर गणेश वासुदेव मावळंकर बसत होते, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. फिरोदिया यांच्या कारकिर्दीचा काळ वादळी कायद्यांचा होता. शेतकऱ्यांना कर्जातून सोडविणारा १९४७ चा कायदा, १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा दारूबंदी कायदा हे सर्व याच काळातले. यांपैकी पहिल्या दोन कायद्यांची झळ सावकारी आणि जमीनजुमला असलेल्या व्यापारी घरांना थेट लागली. अशा कायद्यांवरील चर्चेत व्यापारी समाजातून आलेला मनुष्य अध्यक्षस्थानी होता. त्या आसनाचा दंडक असा की तेथे बसलेल्याने वादात उतरायचे नाही आणि मतही द्यायचे ते दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच. आपल्या लोकांच्या तोट्याची गोष्ट चालू असताना दोन्ही बाजूंना सारखा वेळ देणे, हा संयम आपोआप येत नाही. त्याला सवय लागते.

चिठ्ठीतून आलेली बाजू

ही सवय लावणारा स्पर्धेतील सर्वांत मोलाचा नियम म्हणजे चिठ्ठी. कोणत्या संघाने कोणती बाजू घ्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवावे आणि तेही फार आधी ठरवू नये. मग विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंची तयारी करावी लागते. 'मला जे पटत नाही ते मी का बोलू?' असा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्यांना मी बँकेतील उदाहरण देतो. कर्जाचे प्रकरण मंजुरीसाठी येते तेव्हा अर्जदाराची बाजू अर्जात लिहिलेली असतेच. चांगला अधिकारी अर्जाविरुद्धची बाजू स्वतः उभी करतो. हा धंदा का बुडेल, तारणाची किंमत का घसरेल, वसुली कोठे अडेल? या विरोधी बाजूला जे प्रकरण पुरून उरते ते बहुधा बुडत नाही. स्वतःच्या मताविरुद्ध उत्तम युक्तिवाद करता येणे याला मी व्यवहारातील प्रामाणिकपणाची एक कसोटीच मानतो.

एका तालुक्याच्या गावी झालेल्या शालेय स्पर्धेतील प्रसंग सांगण्यासारखा आहे. विषय होता, 'ऑनलाइन खरेदीमुळे ग्राहकाचे हित साधले जाते'. एका कापड दुकानदाराच्या नववीतील मुलीच्या संघाला चिठ्ठीत विषयाची बाजू आली. वडील श्रोत्यांत पहिल्या रांगेत बसलेले. मुलीने शांतपणे मांडायला सुरुवात केली: किंमत आधी दिसते, घासाघीस करावी लागत नाही, न आवडलेली वस्तू परत करताना दुकानदाराचा चेहरा पाहावा लागत नाही. शेवटच्या वाक्याला सभागृह हसले, वडील मात्र हसले नाहीत. प्रश्नांच्या वेळी समोरच्या संघातील मुलाने विचारले, "पाऊस पडला नाही तर ऑनलाइनवाला दिवाळीला उधार कापड देईल का?" प्रश्न बिनतोड होता. क्षणभर थांबून ती म्हणाली, "नाही देणार. हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण उधारीमुळे ज्याला दुसऱ्या दुकानात जाताच येत नाही, त्याचे हित साधले असे आपण म्हणू का?"

समोरच्याचा मुद्दा मान्य करून पुढे जाणे पुष्कळ मोठ्या माणसांना साधत नाही. स्पर्धा संपल्यावर वडील जवळ आले. मला वाटले, तक्रार करतील. ते म्हणाले, "साहेब, पोरीचे मुद्दे कागदावर लिहून मिळतील का? दुकानात आम्हाला हे कोणी तोंडावर सांगत नाही." मी त्यांना सांगितले की कागद कशाला, मुद्दे सांगणारी तुमच्याच घरात आहे. त्यावर ते मुलीकडे पाहून म्हणाले, "घरी चल, नीट सांग." वादविवादाने घरात काय येते, असे मला कोणी विचारले तर हे चार शब्द मी सांगेन.

आयोजकांसाठी हिशेबाच्या चार गोष्टी

आता व्यवहाराकडे वळू. समोरासमोरची स्पर्धा वेळखाऊ असते, अशी तक्रार होते. हिशेब करून पाहावा. तिघांचा संघ, प्रत्येकाला चार मिनिटे, म्हणजे दोन्ही संघांची चोवीस मिनिटे. प्रत्येक बाजूला प्रश्नोत्तरांसाठी चार मिनिटे आणि समारोपासाठी तीन मिनिटे धरली तर आणखी चौदा. एक सामना अडतीस मिनिटांत होतो. आठ संघांच्या बाद फेरीत चार, दोन आणि एक असे सात सामने. पहिली फेरी दोन खोल्यांत एकाच वेळी घेतली तर सर्व स्पर्धा सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत आरामात आटोपते.

दुसरी गोष्ट परीक्षकांच्या गुणांची. केवळ बेरजेवर निकाल लावू नये. समजा तीन परीक्षकांनी पहिल्या संघाला ९०, ६८ आणि ७० गुण दिले, दुसऱ्या संघाला ६०, ७२ आणि ७३. बेरीज २२८ आणि २०५, म्हणून पहिला संघ जिंकला. परंतु तिघांपैकी दोघा परीक्षकांच्या मते दुसरा संघ सरस होता! एका परीक्षकाच्या सैल हाताने निकाल फिरला. म्हणून प्रत्येक परीक्षकाने कोणाला सरस ठरविले ते पाहावे आणि बहुमताने निर्णय करावा. गुण लिहिणारा एक आणि पडताळणारा दुसरा असावा, ही बँकेतील रीत येथेही उपयोगी पडते. निकालानंतर प्रत्येक संघाला परीक्षकांनी दोन मिनिटे तरी कारणे सांगावीत. हरलेला संघ करंडक नसला तरी कारण घेऊन घरी गेला पाहिजे.

तिसरी गोष्ट विषयाची. विषय असा असावा की दोन्ही बाजूंनी सज्जन माणसे उभी राहू शकतील. 'व्यसन वाईट आहे' हा भाषणाचा विषय होईल, वादाचा होणार नाही. 'घरच्या धंद्यात येण्याआधी मुलाने पाच वर्षे बाहेर नोकरी करावी', 'वडिलोपार्जित दुकानात मुलीला बरोबरीची भागीदारी असावी', 'गावातील बाजारपेठ आठवड्यातून एक दिवस संपूर्ण बंद ठेवावी' असे विषय घेऊन पाहावेत. श्रद्धेचे आणि संप्रदायाचे विषय स्पर्धेत आणू नयेत. तेथे जिंकण्या-हरण्याला अर्थ नसतो.

चौथी गोष्ट पैशाची. बहुतेक स्पर्धा पहिल्या दोन वर्षांनंतर बंद पडतात, कारण दरवर्षी नव्याने वर्गणी मागावी लागते. त्याऐवजी एकदाच निधी उभारून त्याची कायम ठेव करावी. सात टक्के व्याज धरले तर एक लाखाच्या ठेवीवर वर्षाला सात हजार रुपये येतात. बाहेरगावच्या मुलांचे एस.टी.चे भाडे, जेवण आणि प्रमाणपत्रे यांना त्याचा मोठा आधार होतो. करंडक फिरता असल्याने तो एकदाच घ्यावा लागतो. देणगीदाराचे नाव करंडकावर कोरावे, त्यांना पहिल्या रांगेत सन्मानाने बसवावे. मात्र विषय ठरविणे, परीक्षक नेमणे आणि निकाल यांत त्यांनी लक्ष घालू नये. ज्या सुभाषिताने दात्याला वक्त्याहून दुर्मिळ म्हटले, त्याला हाताने देऊन जिभेने परत न मागणारा दाताच अभिप्रेत असला पाहिजे.

विनंती

चातुर्मासात आणि महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने आपल्या गावोगावच्या संघांत, युवक मंडळांत आणि महिला मंडळांत मुलांच्या भाषण स्पर्धा होतातच. त्यांतील एका भाषण स्पर्धेच्या जागी यंदा समोरासमोरचा वादविवाद घ्यावा, एवढीच विनंती आहे. सुरुवातीला चार संघ पुरेत. शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांनाही आवर्जून बोलवावे, कारण आपली मुले ज्यांच्याबरोबर पुढे व्यवहार करणार त्यांचे म्हणणे त्यांनी आतापासूनच ऐकलेले बरे.

आणि स्पर्धेच्या आधी घरी एक सराव जरूर व्हावा. रात्रीची आवराआवर झाली की आजोबांना सभापती करावे, आईला परीक्षक करावे, वडिलांनी आणि मुलाने चिठ्ठी उचलावी. वडिलांच्या वाट्याला मुलाची बाजू आली तर त्यांनी ती मन लावून मांडावी. घड्याळ समोर असावे आणि मुलाचे चार मिनिटे बोलणे संपेपर्यंत कोणी मध्ये बोलू नये.